संघ कुणाचा असतो?

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी लेव्हरकूसन नावाचं शहर आहे. शहराचं नावच मुळी एका रंग-कारखानदाराचं, कार्ल लेव्हरकूसचं. त्याचा कारखाना १८९१ मध्ये बायर कंपनीने विकत घेतला. १९०३ मध्ये तिथल्या कामगारांनी खेळाचं मंडळ हवं म्हणून कंपनीकडे अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी ते मिळालं. या मंडळाच्या बास्केटबॉल संघाने १९७० ते १९९६ या काळात जर्मनीचं विजेतेपद १४ वेळा पटकावलं. त्यातली शेवटची सात तर १९९० पासून सलग, प्रशिक्षक डिर्क बाउअरमान यांच्या हाताखाली.

पुढे कंपनीने खेळांवरच्या खर्चाची फेरमांडणी केली. व्यावसायिक फुटबॉल ठेवायचा, व्यावसायिक बास्केटबॉलला पैसा देणं थांबवायचं, असं ठरलं. २००८ मध्ये पहिल्या श्रेणीत खेळण्याचा परवाना जवळच्या ड्युसेलडॉर्फ शहरात गेला. तिथे ‘जायंट्स’ याच नावाने संघ उतरला. इकडे लेव्हरकूसनच्या मंडळाने खालच्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात केली.

आता प्रश्न असा, की १४ विजेतेपदांचा तो संघ गेला कुठे?

थिसिअसच्या जहाजाचं कोडं आपल्याला ठाऊक असतं. एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच राहतं का? थॉमस हॉब्जने त्यात एक पेच वाढवला. काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? २००८ मध्ये नेमकं हेच झालं. एका शहरात परवाना, दुसऱ्यात आठवणी.

तीन हंगामांत ड्युसेलडॉर्फचा संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. लेव्हरकूसनचा संघ मात्र दुसऱ्या श्रेणीपर्यंत वर चढला. यावरून ‘बघा, खरा संघ कोणता ते कळलंच’ असं म्हणायचा मोह होतो. पण हे उत्तर फसवं आहे. ड्युसेलडॉर्फने चार विजेतेपदं जिंकली असती, तर आपण निकाल फिरवला असता का? यशापयशावरून हक्क ठरत नाही.

मग कंपनी चुकली का? देणाऱ्याने आयुष्यभर देतच राहावं, असं कोणत्याही नीतिशास्त्रात सांगितलेलं नाही. शिवाय एक अवघड गोष्ट मान्य करायला हवी. लेव्हरकूसनकर ज्याला ‘आमचं’ म्हणतात, ते वैभव कंपनीच्या पैशावरच उभं होतं. ज्या गावांमागे असा कारखाना नव्हता, त्यांचे संघ त्या वैभवापुढे हरत होते. त्यांनी तक्रार केली असती, तर तिच्याकडे कुणी लक्ष दिलं असतं?

तरीही देणाऱ्यावर काहीच बंधन उरत नाही, हेही पटत नाही. शंभर वर्षं दिलेल्या गोष्टीला नुसतं दान म्हणता येत नाही. तिच्यावर माणसांनी आपलं आयुष्य बेतलेलं असतं. मुलाला सरावाला सोडणारा बाप, शनिवारची संध्याकाळ सामन्यासाठी राखून ठेवणारी म्हातारी, या लोकांनी पैसे दिले नसतील, पण वेळ दिला. तो परवान्यावर लिहिलेला नसतो, म्हणून दुसऱ्या शहरात पाठवताही येत नाही.

वेलाला आधार देणाऱ्याने एक दिवस काठी काढून घेतली, तर त्याला दोष देण्याआधी एवढंच विचारावं, की वेलाची मुळं त्याने शाबूत ठेवली का? लेव्हरकूसनमध्ये ती उरली होती. मंडळ होतं, मुलं खेळत होती. १९०३ मध्ये अर्ज करणाऱ्या कामगारांना तरी दुसरं काय हवं होतं? विजेतेपदं त्यांनी मागितलीच नव्हती. त्यांना खेळायचं होतं.

परवाना ज्याचा त्याचा असतो. संघ मात्र, परवाना गेल्यावरही जे सरावाला येतात, त्यांचा.