बोटं चालताहेत तोवर

सातपाटी,
जानेवारी अखेर

प्रिय चिऊ,


ताई परवा बोईसरहून आली होती. तिने तुझा हॉलंडमधल्या स्खेवेनिंगेनचा फोटो दाखवला. काळा सूट, मागे नारिंगी पतंग, आणि तू दात काढून हसतेयस. छान दिसतेस. पण तुझे हात उघडे होते गं. तेव्हापासून मनात तेच घोळतंय, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितोय.

काइटसर्फिंगचा खेळ सोड असं मी म्हणणार नाही. दर्याकाठच्या घरातली पोर तू, पाण्याकडे ओढली जाणारच. मात्र तुझा समुद्र वेगळा आहे, हे मामाकडून ऐकून घे. आपल्याकडे भर थंडीतही पाणी 24-25 अंशांच्या आसपास असतं. तुझ्याकडे फेब्रुवारीत 5-6. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 तराफा बुडाला, तेव्हा नौदलाने त्यावरच्या 186 जणांना जिवंत काढलं. लाइफजॅकेट घालून, एकमेकांना धरून माणसं रात्रभर लाटांत तरंगत राहिली होती. पुष्कळ जण गेलेही. पण जे तगले त्यांना कोमट पाण्याने वेळ दिला. तुझं पाणी तेवढा वेळ देत नाही.

मी जहाजावर सारंग होतो तेव्हा आम्हाला थंड पाण्यात कसं तगायचं ते शिकवत. कॅनडातले गॉर्डन गिसब्रेख्ट नावाचे प्राध्यापक ते सोप्या आकड्यांत सांगतात: 1-10-1. पहिलं 1 मिनिट श्वासाचं. गार पाण्याचा फटका बसला की छाती धपापते, माणूस आ वासतो आणि पाणी आत जातं. त्या मिनिटात काही करायचं नाही, पाठीवर तरंगायचं आणि श्वास जागेवर येऊ द्यायचा. पुढची साधारण 10 मिनिटं हातापायांची. मग शुद्ध हरपायला सुमारे 1 तास. तुझ्या सूटमुळे हे सगळं लांबतं, पण क्रम तोच राहतो. माणूस गारठून मरतो असं सगळे समजतात. त्याच्या कितीतरी आधी त्याची बोटं जातात. दोरी दिसते, पण धरता येत नाही.

म्हणून बाळा, सुटकेचं काम बोटं चालताहेत तोवरच सुरू करायचं. पतंग दोनदा उठवून उठला नाही, वारा पडला, दोरी अडकली, की तिसऱ्यांदा बघू म्हणत बसू नकोस. क्विक रिलीज ढकल, पतंगाचा जोर जाऊ दे. मग आधी सुरक्षेची दोरी हातावर हात टाकत ओढ आणि बारवर गुंडाळ. चांगली लांब गुंडाळून झाली की गाठ मार, नंतर बाकीच्या दोऱ्या. हाताला किंवा मनगटाला वेढा कधी द्यायचा नाही. वाऱ्याने पतंग पुन्हा भरला तर दोरी बोट कापून नेते. पतंगापाशी पोहोचलीस की त्याची पुढची फुगलेली नळी तशीच राहू दे, हवा काढू नकोस. तीच तुझा तराफा. तिच्यावर अंग टाकून जेवढं शरीर पाण्याबाहेर राहील तेवढं ठेव. वारा किनाऱ्याकडे असेल तर पतंगाचं टोक ओढून धर, ते शिडासारखं तुला आणेल. नसेल तर तिथेच थांब. एवढा मोठा नारिंगी रंग वरून दिसतो, पोहणाऱ्याचं डोकं दिसत नाही.

हे सगळं हातमोजे घालून करून बघितलंयस का? जाड मोज्यांत रिलीज सापडत नाही. कमरेएवढ्या पाण्यात, सोबत कुणी असताना, मोजे घालून, डोळे मिटून पुन्हा पुन्हा कर. आणि थंड हवा जड असते. शून्य अंशाची हवा आपल्याकडच्या 30 अंशांच्या हवेपेक्षा दहाएक टक्क्यांनी जड. म्हणजे तोच वारा तुला तिथे जास्त खेचणार. शंका आली तर लहान पतंग घे.

आता वाऱ्याचं. तुझे आजोबा पहाटे मतलईवर शीड सोडून बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येत. दोन्ही वारे त्यांना फुकटचे. समुद्र त्यांच्याही पश्चिमेला होता, तुझ्याही पश्चिमेला आहे. पण खारा वारा सुटायला जमीन समुद्रापेक्षा जास्त तापावी लागते, आणि हॉलंडच्या हिवाळ्यात ती तापतच नाही. निरभ्र, गोठवणारे, फोटोला सुंदर असे जे दिवस असतात, त्यांत बहुधा पूर्वेचाच वारा असतो आणि तो दिवसचे दिवस बदलत नाही. तो तुला इंग्लंडकडे नेईल, परत आणणार नाही. त्या दिवशी घरी बस. चहा कर, ताईला फोन लाव.

एकटी जाऊ नकोस, हे तुझी आजी असती तर तिनेच सांगितलं असतं. 13 जानेवारी 2018 ला डहाणूला विद्यार्थ्यांची बोट उलटली, तीन मुली गेल्या. बाकीची पोरं वाचली, कारण मच्छीमारांच्या बोटी लगेच धावल्या. आणि सराईतपणावर विसंबू नकोस. तुझ्याच किनाऱ्यावर 11 मे 2020 ला पाच जण फेसात आणि वाऱ्यात सापडून गेले, त्यांत पाणी चांगलं ओळखणारी तरुण पोरं होती. तुमच्याकडची केएनआरएम ही बचावसंस्था 1824 पासून आहे, देणग्यांवर चालते. तिचं ॲप फोनमध्ये घाल, फोन पाण्यात भिजणार नाही अशा पिशवीत अंगावर ठेव, नंबर 112. दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली केले की संकट आहे असं कुठल्याही देशातला खलाशी समजतो.

बाहेर आल्यावर कुडकुडत असशील तर लगेच कढत पाण्याखाली उभी राहू नकोस, हातपाय चोळूही नकोस. ओले कपडे काढ, कोरडं नि लोकरीचं घाल, गोड चहा घे. दारू नको, कुणी कितीही आग्रह केला तरी.

इकडे सगळं ठीक. वाढवण बंदराशिवाय कुणाच्या तोंडी दुसरा विषय नाही. मामीने तुझ्यासाठी सुके बोंबील बांधून ठेवलेत, पुढच्या महिन्यात कुणी येणारं असेल तर कळव. त्यांच्याबरोबर मोज्यांचे पैसेही पाठवतो. सूटच्या टोपीसकट चांगले घे, स्वस्तातले नकोत. आणि पाण्यात उतरण्याआधी एक, बाहेर आल्यावर एक, असे दोन मेसेज मला टाकत जा. मी रात्री उशिरापर्यंत जागाच असतो.

तुझा,
मामा