विळे खाली ठेवा आणि ऐका!

सगळ्यांनी विळे खाली ठेवा, धार जमिनीकडे करून. नेमावरच्या घाटाच्या पायरीवर विळा घासताना तुमच्यातल्या एकाला मी पाहिलं. लोक अनवाणी नर्मदेत उतरतात ती पायरी! वर सिद्धनाथाचं परमारकालीन देऊळ, आणि तुम्ही त्याच्या पायथ्याचा दगड झिजवता? लाज वाटली पाहिजे. त्या ओबडधोबड दगडानं धार आली का? आता तोच विळा उन्हात धरून बघा. धारेवर जिथं पांढरी रेघ चमकते, तिथं तो बोथट आहे. खऱ्या धारेवर उजेड ठरत नाही.

आपल्या खातेगावात मार्चमध्ये गहू काढणीला येतो, हे ठाऊक असून आदल्या संध्याकाळी अवजारं बघायची नाहीत आणि बांधावर पोचल्यावर दगड शोधत फिरायचं! बोथट विळा काड कापत नाही, ओढतो. मग तुम्ही हिसका देता, वाळलेल्या ओंबीतले दाणे झडतात आणि विळा सुटून डाव्या हातावर नाहीतर नडगीवर बसतो. वर जखमेवर माती दाबता. अरे, धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात! जखम स्वच्छ पाण्यानं धुवा, दवाखाना गाठा, इंजेक्शनचं विचारा.

घाईचे पराक्रम एवढ्यावर थांबत नाहीत. एकानं विजेच्या सहाणेवर पातं दाबून धरलं. कड निळी पडली. पोलाद 300 अंशांच्या आसपास तापलं की ते निळं पडतं, त्याचं पाणी उतरतं. पुन्हा कितीही घासा, धार टिकणार नाही. दुसऱ्यानं दातेरी विळा साध्या विळ्यासारखा घासून दातेच सपाट केले. तो आता लोहाराकडेच न्यायचा. रस्त्याकडेला पाल टाकणारे गाडिया लोहार भट्टीसमोर दिवसभर घाम गाळून विळे शेवटून देतात. त्यांची मेहनत तुम्ही क्षणात मातीत घालता.

साध्या विळ्याला धार लावायची ती बसून. गप्पा नकोत, शेजारी लहान पोर नको. विळा वाकडा असतो, म्हणून पातं घट्ट धरायचं आणि ओला निसणा फिरवायचा, मुठीपासून टोकापर्यंत. बोटं धारेच्या मागे. कोन साधारण 20 अंशांचा, आणि तो शेवटपर्यंत तोच. मध्येच हात डळमळला की कड गोल होते. उलट्या बाजूला बारीक खरखर लागली की समजा, लोखंड कडेला वळलंय. तेव्हाच बाजू पालटा. शेवटी हलक्या हातानं ती खरखर काढा. पातं पुसा, तेलाचं बोट फिरवा, फडक्यात गुंडाळा. दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे.

उठा आता, बादलीभर पाणी आणा. एकेकानं माझ्यासमोर धार लावायची. ज्याचा विळा तयार होणार नाही, तो उद्या शेतात उतरणार नाही.