न पाहिलेल्या मोहरेवरचा विश्वास

२०२५ च्या मार्च महिन्यात बऱ्हाणपूरपासून वीसेक किलोमीटरवर, असीरगडाच्या पायथ्याची शेते रात्री टॉर्चच्या उजेडात खणली जात होती. संभाजी महाराजांवरचा 'छावा' चित्रपट फेब्रुवारीत झळकला होता, आणि मुघलांचा खजिना याच मातीत पुरलेला आहे अशी आवई आसपासच्या गावांत उठली होती. कोणी कुदळी आणल्या, कोणी चाळण्या, कोणी मेटल डिटेक्टर. शेवटी पोलीस आणि प्रशासन मध्ये पडले. बातमी वाचून शहरातल्या सुशिक्षितांनी गावकऱ्यांच्या भोळेपणाची कीव केली. मात्र त्याच दिवसांत 'असीरगडची मोहर, जुन्या वाड्यात सापडलेली, बोली आज रात्रीपर्यंत' असे लिहिलेले छायाचित्र मोबाइलवर पाहून पैसे लावणारा माणूस त्या गावकऱ्यांहून शहाणा म्हणता येईल का, हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. गावकऱ्याच्या हाती निदान माती तरी होती. बोली लावणाऱ्यापुढे असते ती चित्राची चमक आणि एका अनोळखी माणसाचा शब्द.

दोघांचीही आशा अगदीच निराधार नव्हती, हे मात्र मान्य करायला हवे. बऱ्हाणपूर ही मुघलांची मोठी टांकसाळ होती. जहांगीर, शाहजहान, औरंगजेब यांचे बऱ्हाणपूरचे रुपये आजही संग्रहांत आढळतात. पुढे शिंद्यांच्या काळातही इथे नाणी पडत होती. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती आला, त्या विजयाची आठवण म्हणून बहिरी ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहर पाडली गेली, आणि ती नाणेशास्त्रातल्या अतिदुर्मीळ वस्तूंमध्ये गणली जाते. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी या शहराच्या पेठा लुटल्या, हेही खरेच. फसवणूक नेहमी अशा एखाद्या सत्याच्या आधाराने उभी राहते. निव्वळ खोट्याला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून 'असे नाणे असते का' हा प्रश्न विचारून भागत नाही. खरा प्रश्न निराळा आहे आणि तो तत्त्वज्ञानाचा आहे: जी वस्तू आपण हातात घेतलेली नाही, जिच्याबद्दल विकणाऱ्याखेरीज दुसरा साक्षीदार नाही, ती खरी आहे असे मानण्याचा अधिकार आपल्याला केव्हा पोचतो? आपल्या धर्मपरंपरांनी याचे जे उत्तर दिले आहे, त्यातून एकच निष्कर्ष निघतो असे मला वाटते. अशा खरेदीत शंका घेणे हे केवळ हुशारीचे काम नाही, ते कर्तव्य आहे. ते टाळणारा स्वतः फसतो आणि शिवाय असत्याला पुढे वाटही करून देतो.

भ्रमाची चर्चा करताना आपल्या दार्शनिकांनी शतकानुशतके एकच उदाहरण घोळवले, ते शिंपल्यावर भासणाऱ्या चांदीचे. मीमांसा दर्शनाच्या प्रभाकर शाखेतल्या मीमांसकांच्या मते समोर दिसते ते फक्त 'हे काहीतरी चकाकणारे'. चांदी येते स्मरणातून. आणि या दोहोंतला भेद ध्यानात न येणे म्हणजेच भ्रम. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणतात की दुसरीकडे पाहिलेली चांदी इथे असल्यासारखी भासते. वाद बारीक आहे, पण एका गोष्टीवर दोघांचे एकमत दिसते: शिंपल्याने फक्त चमक पुरवली, चांदी पाहणाऱ्याने आणली. आणि जो हात पुढे करतो त्याला ग्रंथकार रजतार्थी म्हणतात, म्हणजे चांदी हवी असलेला. लिलावातल्या छायाचित्राला हे शब्दशः लागू पडते. चित्रात असतो एक पिवळा गोल तुकडा आणि त्यावरची फार्सी अक्षरे. संग्रहालयातली मोहर बोली लावणाऱ्याच्या आठवणीत असते. दोन्ही एकच आहेत असे चित्र म्हणत नाही. ते म्हणते ती त्याची हौस. म्हणून नाण्याच्या परीक्षेआधी स्वतःच्या इच्छेची परीक्षा करावी लागते, आणि तसे सांगण्यात कोरडा उपदेश नाही, ज्ञानाच्या प्रक्रियेचे वर्णन आहे.

पण विश्वास ठेवण्याची मूळ रीत कोणती? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते खोटे ठरेपर्यंत खरे धरावे. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचे खरेपण बाहेरून, दुसऱ्या आधाराने ठरते. रोजच्या जगण्यात मीमांसकांचे म्हणणे सोयीचे आहे. रस्ता विचारला तर सांगणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. पण पैशाच्या व्यवहारात, आणि तेही नाण्यांच्या बाबतीत, बऱ्हाणपूरच्या बाजाराने नैयायिकांची बाजू कधीच घेतली होती. मुघल रुपयावर बादशहाचे नाव असे, टांकसाळीचे नाव असे, सन असे. तरी तो सराफाच्या हाताखालून गेल्याशिवाय मोठ्या व्यवहारात चालत नसे. सराफ वजन पाहायचा, कस पाहायचा, मागल्या सनाच्या नाण्यावर बट्टा कापायचा. त्या काळच्या अनेक अस्सल रुपयांवर सराफांनी ठोकलेल्या लहान लहान खुणा आजही दिसतात. बादशहाचा ठसा असूनही त्याच्या शब्दावर बाजाराने आंधळा विश्वास टाकला नाही, आणि म्हणून कोणी सराफाला राजद्रोही ठरवले नाही. ज्या व्यवस्थेवर त्या काळचा व्यापार चालला, तिच्या मुळाशी ही रीतसर घेतलेली शंका होती.

यावर एक नेमका आक्षेप येतो. नैयायिकांच्या मते ज्ञानाची खात्री पटते ती कृती फळाला आल्यावर; पाणी प्यायले, तहान भागली, म्हणजे ते पाणीच होते. मग नाण्याची खात्री ते विकत घेतल्यावरच होणार, आणि तोवर पैसे गेलेले असणार. आक्षेप बिनतोड वाटतो, पण न्यायपरंपरेने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. ओळखीच्या क्षेत्रात कृतीची वाट पाहावी लागत नाही; पूर्वी खऱ्या ठरलेल्या ज्ञानाच्याच जातीचे हे ज्ञान आहे की नाही, यावरून खरेपणाचे अनुमान आधीच करता येते. नाण्यांच्या बाबतीत ही जात ठोस रूपात तपासता येते. मुघल रुपयाचे वजन साधारण साडेअकरा ग्रॅमच्या आसपास असते, आणि चांदीची घनता पाण्याच्या सुमारे साडेदहापट. जर्मन सिल्व्हरसारखे मिश्रधातू त्याहून बरेच हलके. ठसा चकतीपेक्षा मोठा आणि ठोकणी हाताची, म्हणून प्रत्येक नाण्यावर लेखाचा वेगळा भाग उमटे आणि कडेचा आकारही वेगळा होई. दोन वेगळ्या लिलावांतल्या दोन 'मोहरां'ची कड, तिरपेपणा आणि ओरखडेसुद्धा हुबेहूब जुळले, तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेल्या आहेत असे समजायला हरकत नाही. तेव्हा बोली लावण्याआधी वजन विचारावे, कडेचे छायाचित्र मागावे, नाणे याआधी कोणाकडे होते आणि कोणत्या लिलावाच्या यादीत छापले गेले ते विचारावे, आणि त्याच प्रकारच्या प्रकाशित नाण्याशी ते ताडून पाहावे. हे सगळे पैसे देण्यापूर्वी होऊ शकते. विकणारा यांतल्या कशालाच उत्तर देत नसेल, तर ते न मिळालेले उत्तर हाही एक पुरावाच असतो.

विकणाऱ्याचा शब्द मुळी प्रमाणच धरू नये, असे मात्र नाही. न्यायशास्त्राने शब्दाला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला आहे. अट एवढीच की तो आप्ताचा असावा. वात्स्यायनाच्या मते आप्त म्हणजे ज्याला वस्तू प्रत्यक्ष माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. जन्म, पद, वेश यांचा इथे संबंध नाही. ज्ञान आणि प्रामाणिकपणा या दोनच कसोट्या. कालच खाते उघडलेला, 'आजोबांच्या पेटीत सापडले, मला यातले काही कळत नाही' असे सांगणारा विक्रेता पहिल्या कसोटीवर स्वतःच्याच तोंडाने नापास होतो. त्याला कळत नसेल तर ते नाणे अकबराचे आहे हे तो कशावरून सांगतो?

विकणाऱ्याचे कर्तव्य काय, याबद्दल बऱ्हाणपूरकडे आणखी एक वारसा आहे. औरंगजेबाच्या आज्ञेने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इस्लामी विधीच्या हनफी परंपरेचा 'फतावा-ए-आलमगिरी' हा विशाल संग्रह सिद्ध झाला; ते काम करणाऱ्या विद्वानांचे प्रमुख होते बऱ्हाणपूरचे शेख निजाम. हनफी परंपरेत न पाहिलेली वस्तू विकत घेणाऱ्याला ती पाहिल्यावर परत करण्याचा हक्क आहे, आणि पाहण्याआधी त्याने होकार दिला असला तरी तो हक्क बुडत नाही. लपवलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क वेगळा. घ्यायचे नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली वाढवणे इस्लामी विधीने निषिद्ध मानले आहे. आजच्या ऑनलाइन लिलावांत विक्रेत्याच्याच दुसऱ्या खात्यांवरून बोली फुगवली जाते, त्या लबाडीला धर्मशास्त्राने कित्येक शतकांपूर्वी ओळखले होते. यातून निघणारा नियम सरळ आहे. जिथे परतीची सोय नाही, जिथे विक्रेता 'साइटच्या बाहेर, थेट यूपीआयने पैसे टाका, स्वस्तात देतो' म्हणतो, तिथे पाहण्याचा हक्क आपण आपल्या हाताने सोडून देत असतो. असा व्यवहार करू नये.

दुसरा आक्षेप श्रद्धावंतांचा. गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी माणसाचा नाश होतो असे म्हटले आहे. मग शंकेला कर्तव्य कसे म्हणायचे? पण त्याच अध्यायात, त्याआधी काही श्लोक, ज्ञान मिळवण्याची जी वाट सांगितली आहे तिच्यात नम्रता आणि सेवेच्या बरोबरीने प्रश्न विचारणेही आहे. न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांत संशयाला तिसरे स्थान आहे आणि निर्णय त्याच यादीत पुढे येतो. गीता ज्याला नाशाचे कारण म्हणते तो संशय निर्णयाकडे जातच नाही. न्याय ज्याला स्थान देतो तो निर्णयासाठीच उठतो. मग शंकेला अंत कुठे? न्यायपरंपरेतल्या उदयनाचार्यांनी सीमा आखून दिली आहे: आपल्याच कृतीशी विसंगत होईल तिथे शंका थांबते. पाणी पिणाऱ्याने पाण्यावर शंका घेत बसणे विसंगत आहे. मोहर न घेता घरी परतणाऱ्याचे काहीच अडत नाही, म्हणून तिथे शंकेला भरपूर जागा आहे.

उलट श्रद्धेचीच ढाल करून फसवणूक कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. वैष्णोदेवीचे चित्र असलेली २०१२ ची पाच-दहा रुपयांची नाणी, क्रमांकात ७८६ असलेल्या नोटा यांना लाखो रुपये मिळतील अशा जाहिराती फिरतात. फोन केला की आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कुरिअरचा खर्च मागितला जातो, आणि नाणे कोणीच घेत नाही. अशा व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जात असल्याने ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर सांगावे लागले की ती असल्या खरेदी-विक्रीत नाही आणि कसले शुल्कही घेत नाही. तीच गोष्ट ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल घातलेल्या, राम-सीता-हनुमान कोरलेल्या तांब्याच्या 'एक आण्या'ची. असे नाणे कंपनीच्या टांकसाळीत कधी पडले नाही. तरी त्याला दैवी शक्ती चिकटवून, ते तांदूळ ओढते असे सांगून, लाखांचे सौदे केले जातात. देवाचे नाव कोरलेल्या तुकड्याला प्रश्न विचारल्याने देवाचा अपमान होत नाही. देवाच्या नावाने खोटे विकले जाणे हाच अपमान आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: हे सारे म्हणजे फसलेल्यालाच दोष देणे नाही का? चोराला सोडून मालकाला 'कुलूप का लावले नाहीस' असे विचारण्यासारखे. गुन्हा फसवणाऱ्याचाच, यात शंका नाही. फसलेल्याने लाज बाळगून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. पण अपराध आणि कर्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संग्रहाच्या खरेदीत कर्तव्याला आणखी एक बाजू आहे. जैन परंपरेत, उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, अचौर्य व्रताचे जे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत त्यांत नकली माल खऱ्यासारखा विकणे आहे आणि चोरून आणलेली वस्तू घेणेही आहे. म्हणजे घेणाऱ्यालाही व्रत मोडता येते. असीरगडाच्या शेतात खरोखर मोहरा सापडल्या असत्या, तर १८७८ च्या गुप्तनिधी कायद्यानुसार त्यांची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागली असती. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. 'कालच मातीतून निघाले, स्वस्तात घ्या' म्हणणाऱ्याकडून न विचारता घेणारा एक तर खोटे विकत घेतो, नाही तर चोरी. तिसरी शक्यता फार कमी उरते.

खरा पेच इथेच आहे. पुष्कळ फसलेल्या व्यवहारांत घेणाऱ्यालाही वाटत असते की समोरच्याला या वस्तूचे मोल कळलेले नाही, आणि ते कळण्याआधी आपण ती उचलावी. जाणकाराला त्याच्या ज्ञानाचा मोबदला मिळावा, हे मान्य. पण समोरच्याच्या अज्ञानावर नफा मिळवण्याची घाई जिथे सुरू होते, तिथेच प्रश्न विचारणे बंद होते, कारण प्रश्न विचारला तर त्याला कळेल अशी भीती असते. ठकाला ही भीती नेमकी ठाऊक असते आणि तो तिच्याच जोरावर आपला माल खपवतो. रास्त किंमत देण्याची तयारी ठेवून उघडपणे वजन, कड, पूर्वीचा मालक आणि परतीची हमी विचारणारा माणूस नफा थोडा कमी मिळवेल. पण त्याला फसवायला ठकाकडे फारच थोडे मार्ग उरतात, आणि त्याच्या संग्रहातले नाणे उद्या दुसऱ्याच्या हाती गेले तर त्याच्यासोबत पुरावाही जातो.