चारीची खोली

पाटणच्या वरच्या अंगाला, पवनचक्क्यांच्या पठाराखाली एक गाव आहे. चार वाड्या मिळून एक ग्रामपंचायत. खाली कोयना, वर वारा, आणि दोन्हींपासून तयार होणारी वीज खांबांवरून लांब जाताना बघायची पिढ्यांची सवय. "हितनं सगळं जातंय, येत काय न्हाई," असं तिथली म्हातारी माणसं म्हणायची. त्यामुळे सरकारची इंटरनेटची तार घाट चढून वर यायला लागली, तेव्हा आधी कुणाला खरंच वाटेना.

तार भारतनेटची होती. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायचं केंद्रानं २०११ मध्ये ठरवलं, तेव्हा योजनेचं नाव वेगळं होतं. मुदती हुकत गेल्या, मधे नावही बदललं. गावात तोवर 'रेंजचा दगड' होता. वाडीच्या वर माळावर एक मोठा धोंडा. त्यावर चढून तोंड चिपळूणकडे केलं की मोबाइलवर दोन काड्या उमटत. रेशनच्या केवायसीचा ओटीपी तिथंच यायचा. शिवारात काढलेला पीक पाहणीचा फोटो तिथूनच वर जायचा. वाशीच्या मार्केटात माथाडी असलेल्या नवऱ्याशी बोलायला बाया संध्याकाळी भाकऱ्या उरकून तिथं जायच्या आणि एकमेकींपासून दहा पावलं लांब, पाठमोऱ्या उभ्या राहायच्या. पावसाळ्यात मात्र दगडावर शेवाळ धरायचं.

जेसीबी आला तेव्हा सगळं गाव चारीच्या कडेला उभं राहिलं. त्यात नानाही होता. नाना म्हणजे पंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. तीस वर्षं वॉल फिरवून त्याच्या तळहाताला घट्टे पडलेले, आणि गावातली कुठली पाइप कुणाच्या गोठ्याखालून जाते ते त्याच्या डोक्यात. नकाशा कधी कुणी काढला नाही, कारण नाना होता. त्यानं चारीत उतरून पाहिलं. चारी गुडघ्याला लागत होती.

"सायेब, एवढ्यावर आमी पाण्याची पाइप पन घालत न्हाई," तो म्हणाला.

सुपरवायझर तरुण होता, उन्हानं वैतागलेला. नियमानं तार एक पूर्णांक पासष्ट मीटर, म्हणजे जवळपास साडेपाच फूट खोल जायला हवी, हे त्यालाही माहीत होतं. "कातळ लागलाय, काका. कातळात कमी खोली चालते. वरनं काँक्रीट टाकणार आहोत आम्ही."

तो खोटं बोलत नव्हता. कातळात तशी सवलत असते, फक्त वरचं संरक्षण चोख करावं लागतं. काँक्रीट पडलंही, साहेबांची गाडी जिथपर्यंत चढते तिथपर्यंत. पुढं मातीच ओढली.

पंचायतीच्या खोलीत भिंतीवर पेटी बसली, छपरावर सोलरची पाटी, टेबलाखाली बॅटरी. सरपंचबाईंनी नारळ फोडला. ठेकेदाराच्या माणसानं पेटीचा, बॅटरीचा, पाटीचा असे फोटो काढले आणि भाऊसाहेबांची, म्हणजे ग्रामसेवकांची, सही घेतली. गाव जोडलं गेलं. कागदावर ते आजही त्याच दिवशी जोडलेलं आहे.

महिना-दीड महिना चांगला गेला. कॉम्प्युटरवाला पोरगा, आपले सरकार केंद्राचा परिचालक, उत्पन्नाचे दाखले तिथंच काढून देऊ लागला. आधी तो आठवड्याचे अर्ज पिशवीत घालून एसटीनं पाटणला जायचा. शाळेतल्या गुरुजींनी मुलांना घेऊन येऊन पडद्यावर समुद्रातला देवमासा दाखवला. मग एका सकाळी पेटीवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. लाल दिव्याचा अर्थ सरळ असतो: तारेतून उजेड येत नाही.

झालं होतं असं, की खालच्या वळणावर नळपाणी योजनेची नवी पाइपलाइन टाकायला दुसरा जेसीबी आला होता. त्याच्या दातानं गुडघाभर खोलीवरची तार ओढून तोडली. ड्रायव्हरला वाटलं, जुनी टेलिफोनची केबल. दोन्ही चाऱ्या जनतेच्या पैशाच्या, दोन्ही योजना जनतेच्याच भल्याच्या, आणि एका खात्याला दुसऱ्याचा पत्ता नाही. आपल्याकडे रस्ता झाला की पाइपवाले येतात, हे आपण हसण्यावारी नेतो. पण ज्यांच्या वाट्याला एकच रस्ता आणि एकच तार असते, त्यांना ते हसू परवडत नाही.

पाण्याचा ठेकेदार म्हणाला, आमच्या एस्टिमेटमध्ये तार नाही. तारेचा ठेकेदार म्हणाला, आमचं बिल निघालं. भाऊसाहेब म्हणाले, ही मालमत्ता पंचायतीच्या नोंदीत नाही, मी खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकू? तिघांचंही खरं होतं. बॅटरी चांगली होती, तेव्हा शिपायानं लोडशेडिंगमध्ये ऑफिसची ट्यूब तिच्यावर लावली. बाया पुन्हा दगडावर जायला लागल्या.

असे दोन पावसाळे गेले.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय निघाला तो भलत्याच वाटेनं. दगडावरून पाय घसरून एका बाईचा हात मोडला होता. तिच्या दिरानं पंचायतीनं दगडाला पायऱ्या आणि रेलिंग करून द्यावं अशी मागणी केली. माना हलल्या. कुणीतरी अंदाजे खर्चही सांगितला. ठराव लिहायला भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"आरं, आन् त्या पेटीचं काय?" नाना मागून बोलला.

"जाऊ द्या नाना, फुकटचं आलं हुतं, फुकटच गेलं."

यावर परिचालक पोरगा उठला. तो सहसा सभेत बोलत नसे. "फुकट न्हाई आलेलं," तो म्हणाला. "मोबाइल कंपन्यांच्या कमाईतले शंभरातले पाच रुपये २००२ पासनं एका निधीत जात्यात. खेड्यात फोन आणि नेट पोचवायला. ही तार त्यातली हाय. कंपनीची कमाई म्हंजे आपलं रिचार्ज. दगडावर चढून आपण जे रिचार्ज मारतो ना, त्यातनं हिचं पैसं कवाच दिल्यात."

सभा गप्प झाली. फुकटचं गेलं तर माणूस हळहळतो, स्वतःचं गेलं तर चिडतो. आणि चिडल्याशिवाय ग्रामसभेत काही होत नाही, हे ज्यांनी ग्रामसभा पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको.

"पर आपुन काय करनार? तार सरकारची," सरपंचबाईंचे सासरे म्हणाले.

"पान्याची टाकी कुनाची हाय, आन्ना?" नानानं विचारलं. "जिल्हा परिषदेनं बांदली. पर टीसीएल कोन टाकतं? वॉल कोन सोडतं? पाइप फुटली तर रातचं बॅटरी घिऊन कोन फिरतं? मी नसतो तर टाकीत पाखरं घरटी करत्याली. तारंला असा मानूस कोन हाय, एवडं सांगा."

कुणालाच सांगता आलं नाही.

मग तारेला माणूस नेमण्यावरून बरीच ओढाताण झाली. मानधन महिना दोन हजार म्हणताच थकलेल्या पाणीपट्टीचा विषय निघाला, आणि कोण किती थकलाय हेही. शेवटी खालच्या वाडीच्या एका सुनेला नेमायचं ठरलं. माहेरी असताना तिनं आयटीआय केली होती, आणि तिच्याकडे स्कूटी होती. दुसरा निकष जास्त महत्त्वाचा ठरला. पायऱ्यांचा ठराव मागं पडला.

ती पहिल्याच सोमवारी पाटणला गेली. तिथल्या तंत्रज्ञानं तारेत उजेडाचा ठोका सोडून यंत्रावर पाहिलं आणि तुटल्याचं अंतर मीटरपर्यंत बरोबर सांगितलं. अडचण पुढची होती. तार जमिनीखालून नेमकी कुठून नेली, कुठं वळवली, कुठं जादा वेटोळं ठेवलं, याचा नीट नकाशा फाइलीत नव्हता. एवढ्या हजार मीटरवर तुटली, पण ते मीटर डोंगरात कुठं येतं? तिनं नानाला स्कूटीवर मागं बसवलं. नानाला चारी आठवत होती. कुठल्या आंब्यापाशी कातळ लागला, कुठं काँक्रीट संपलं, नवी पाइप तिला कुठं आडवी गेली. दुपारच्या चहाच्या आत त्यानं काठी टेकवली. हातभर खणल्यावर काळ्या केबलचं फाटकं तोंड वर आलं.

जोडणी करणारा पोरगा गाडीच्या मागच्या फळीवर यंत्र मांडून बसला. केबलच्या आतल्या तारा केसाएवढ्या, काचेच्या. एकेक सोलायची, स्पिरिटनं पुसायची, नेमकी काटकोनात कापायची, यंत्रात समोरासमोर धरायची. मग बारीक ठिणगी पडते आणि काच काचेला चिकटते. मधे वाऱ्यानं धूळ आली की पुन्हा पहिल्यापासून. सुनेनं पदर धरून आडोसा केला. अशा चोवीस तारा. संध्याकाळी पेटीवरचा लाल दिवा विझला, आणि वरच्या अंगाच्या आणखी दोन पंचायतींचेही विझले. एकाच सरळ तारेवर सगळ्या ओवलेल्या. खाली तुटलं की वरच्या सगळ्या बंद. त्या दोन गावांना इतके दिवस आपली पेटीच खराब आहे असं वाटत होतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी मंजूर केले. त्यात तार कड्यासारखी गोल फिरवायची, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसरीकडून उजेड येईल, आणि दहा वर्षांची देखभाल त्याच कंत्राटात धरायची असं आहे. दिल्लीत कुणी नाना भेटला असावा. तरी इतके हजार कोटी डोंगरात शेवटी कुणाच्या तरी स्कूटीवर बसूनच चढणार, असं मला वाटतं.

सुनेनं दोनशे पानी वही केली आहे. दिवा कधी लाल झाला, कुणाला फोन केला, तक्रार क्रमांक काय, माणूस कधी आला. पहिल्या दोन पानांवर नानानं सांगितल्याप्रमाणे तारेची वाट काढली आहे: आंबा, मोरी, देवळाचा कट्टा, पाइपचं तोंड. भाऊसाहेबांनी त्या पानांची झेरॉक्स काढून दप्तरी लावली. आता ती मालमत्ता निदान नोंदीत आली.

गेल्या उन्हाळ्यात वरच्या वाडीला पाणी न्यायला पुन्हा जेसीबी आला. सून वही घेऊन समोर उभी राहिली. ड्रायव्हरनं ठेकेदाराला फोन लावून तिच्या हातात दिला.

"ताई, तुम्ही कोण?" ठेकेदार म्हणाला.

"पंचायतीची. हितं तार हाय. चारी चार हात वरनं घ्या."

"चार हात वर म्हणजे कातळ आहे. खर्च कोण देणार?"

"ग्रामसभेत या आन् मागा."

जेसीबी दुपारपर्यंत तसाच उभा होता. त्या चार तासांचं भाडं कुणी द्यायचं यावर वाद अजून चालू आहे, आणि पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो तिसऱ्या क्रमांकाला आहे. चारी चार हात वरूनच गेली.