विक्रेत्याचें मौन

आमचा भाचा महाविद्यालयांत शिकतो. शिकवण्या करून जमविलेल्या पैशांतून त्यानें तीन वर्षांपूर्वीं एका कचेरींतून मोडींत निघालेला संगणक घेतला, त्यांत एक जुनें ग्राफिक्स कार्ड बसविलें, आणि तेव्हांपासून त्याचा फुरसतीचा वेळ त्यावर खेळ खेळण्यांत जातो. हा छंद चांगला कीं वाईट, याचा निवाडा आम्हांला येथें करावयाचा नाहीं. आमच्या पिढीनें पत्त्यांच्या डावांत किती रात्री घालविल्या याचा हिशेब कोणीं मागितला तर आमचीच पंचाईत व्हावयाची. परंतु तें कार्ड बदलण्याच्या निमित्तानें जो एक प्रश्न आमच्या घरांत उभा राहिला, तो वाचकांपुढें ठेवण्यासारखा आहे.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्रें रेखाटणारा संगणकाचा अवयव. भाच्याचें कार्ड २०१६ सालीं निघालेलें ‘जीटीएक्स १०५० टीआय’. त्याची ४ जीबी मेमरी नव्या खेळांना अपुरी पडूं लागली. बदलावें म्हटलें तर जुन्या यंत्राच्या मर्यादा आड येत. कचेरींतल्या त्या संगणकाचा पॉवर सप्लाय बेताचा. कार्डाला निराळी वीज पुरविणारी तार त्यांत नाहीं, आणि खांचेंतून मिळावयाची ती ७५ वॉट. शिवाय प्रोसेसर २०१४ सालचा. तोच मंद असेल तर कार्ड कितीहि वेगवान घातलें तरी व्यर्थ. भाच्यानें याची परीक्षा केली. चित्रांतील बिंदूंची संख्या १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणून पाहिली. तेवढ्यानें खेळाचा वेग वाढला, तेव्हां अडतें तें कार्डापाशींच, प्रोसेसरपाशीं नव्हे, हें ठरलें. त्याची ही चिकित्सा पाहून आम्हांस, खरें सांगावयाचें तर, कौतुकच वाटलें.

प्रथम त्यानें मुंबईस लॅमिंग्टन रोडवर जुन्या कार्डांची चौकशी केली. २०१७ सालचें, ८ जीबीचें ‘आरएक्स ५८०’ स्वस्तांत मिळत होतें; त्यासाठीं पॉवर सप्लायहि बदलण्याची त्याची तयारी होती. परंतु या जातीचीं पुष्कळ कार्डें ‘इथेरियम’ या आभासी चलनाच्या खाणकामास रात्रंदिवस जुंपलेलीं असत. सप्टेंबर २०२२ मध्यें त्या चलनाची पद्धति बदलली, तें खाणकाम बंद पडलें, आणि तसलीं कार्डें जुन्या बाजारांत आलीं. भाच्यानें एका दुकानदारास सरळच विचारलें. तो हंसून म्हणाला, “चालतें आहे ना? मग झालें!” भाचा रित्या हातानें परतला, आणि दुकानदारांच्या नीतीवर त्यानें घरीं जें प्रवचन झोडलें, तें आम्हीं लक्षांत ठेवलें.

कारण पुढें त्यानें २०२४ सालीं निघालेलें, ७० वॉटांवर चालणारें ६ जीबीचें ‘आरटीएक्स ३०५०’ नवेंच घेण्याचें ठरविलें, व पैशांच्या तोंडमिळवणीसाठीं जुनें कार्ड विकावयास काढलें. तासभर चाललें कीं त्याचा पंखा खरखरतो आणि कार्ड तापून मंदावतें. गिऱ्हाईक मिळालें तें शेजारच्या इमारतींतला एक शाळकरी मुलगा.

“पंख्याचें त्याला सांगितलेंस का रे?” आम्हीं विचारलें.

“त्यानें विचारलें तर सांगेन कीं, मामा. मी खोटें तर कांहींच बोललों नाहीं.”

हा युक्तिवाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. सिसेरोनें ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत एक धान्याचा व्यापारी कल्पिला आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ. हा अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोंचतो. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्यास ठाऊक, लोकांस नाहीं. त्यानें तें सांगावें कीं गप्प राहून चढा भाव घ्यावा? बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्यास जें ठाऊक तें घेणाऱ्यासहि कळलें पाहिजे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे.

आम्ही त्या व्यापाऱ्याच्या बाबतींत इतक्या सहज तिकडे झुकत नाहीं. गलबतांची बातमी बाजाराची आहे, धान्याच्या अंगची नव्हे. पंख्याची खरखर मात्र त्या वस्तूंतच बसलेली; घेणारा ती घरीं घेऊन जातो. आणि ‘विचारलें तर सांगेन’ या नियमांत एक मोठी खोंच आहे. काय विचारावें हें कळण्यास आधीं ज्ञान लागतें. लॅमिंग्टन रोडवर भाच्याला प्रश्न सुचला, कारण त्याला विषय ठाऊक होता. त्या मुलाला कोठून सुचणार? या नियमानें जाणता सुटतो व अजाण तेवढा सांपडतो.

भाच्याचें उत्तर अगदींच टाकाऊ नव्हतें. “खरें सांगितलें तर लोक उगाच भितात,” तो म्हणाला. खाणकामाचें प्रत्येक कार्ड खराबच असतें असें नाहीं. सांभाळून, एकसारख्या भारावर चालविलेलें पुष्कळदां चांगलें निघतें. तरी तो शब्द ऐकतांच गिऱ्हाईक पळतें. म्हणजे खरें बोलणाऱ्यास दोषाहून मोठा दंड बसतो, आणि गप्प बसणारा पुरी किंमत घेऊन जातो. याला आमच्याजवळ पुरतें उत्तर नाहीं. आम्ही इतकेंच म्हणालों, कीं पंखा बदलतां येतो, वाळलेली थर्मल पेस्ट पुन्हां लावतां येते, हेंहि तूं त्याला सांगूं शकतोस. भाचा कांहीं बोलला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्यानें मुलाला घरीं बोलावून कार्ड तासभर चालवून दाखविलें. खरखर सुरू झाली तेव्हां मुलानें भाच्याकडे पाहिलें, मग आमच्याकडे, आणि “बाबांना विचारून सांगतों” असें म्हणून तो गेला. त्याला आतां पंधरवडा झाला. नवा पंखा मागविला आहे. जुनें कार्ड अजून त्याच यंत्रांत आहे. भाचा आमच्याशीं बोलतो, पण जरा मोजून.