रंगाची साक्ष

विद्यार्थिदशेंत रसायनशाळेंत आमच्या हातून एक लहानसें असत्य वारंवार घडे, आणि तें असत्य आहे असें आम्हांस वाटतही नसे. आम्लांत थेंबाथेंबानें अल्कद्रव सोडावयाचा व फिनॉफ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग टिकूं लागतांच ब्युरेटवरील आंकडा टिपावयाचा. शेजाऱ्याचा आंकडा १८.४ आला हें एकदां कानीं पडलें, कीं आमच्याही डोळ्यांस गुलाबी रंग नेमका १८.४ लाच दिसूं लागे! येथें डोळा खोटें बोलला, कीं मनानें त्याजकडून तें वदवून घेतलें?

डोळ्याचें निव्वळ वैगुण्य ही निराळी गोष्ट. जॉन डाल्टन यानें १७९४ सालीं आपल्या सदोष रंगदृष्टीचें स्वतःच वर्णन केलें. डोळ्यांतील रस निळसर असावा, असा त्याचा तर्क होता. १८४४ सालीं तो वारल्यावर त्याच्याच इच्छेप्रमाणें डोळे तपासले, तों रस स्वच्छ निघाला. खरें कारण १९९५ सालीं जतन केलेल्या अवशेषांच्या डीएनए-परीक्षेनें कळलें. डाल्टनची चूक झाली खरी, पण लबाडी नव्हे. आमची मात्र लबाडीच्या उंबरठ्यावरची.

आतां हें काम डिजिटल कॅमेऱ्याकडे, किंबहुना खिशांतल्या फोनकडेही, सोंपवितां येतें. चित्रांतील प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा व निळा असे तीन आंकडे असतात, सामान्यतः ० ते २५५ पर्यंतचे. गुलाबी द्रावण हिरवा प्रकाश गिळतें. म्हणून रंग गडद होईल तसतसा हिरव्याचा आंकडा उतरतो. ज्ञात द्रावणांच्या आंकड्यांशीं तो ताडून पाहिला, म्हणजे द्रव्याचें प्रमाण काढतां येतें. शेजाऱ्याचा आंकडा ऐकावयास कॅमेऱ्यास कान नाहींत!

तथापि त्याला निःपक्षपाती समजणें भाबडेपणाचें होईल. तो जन्मला माणसाच्या डोळ्यास रिझविण्यासाठीं. दिव्याचा पिवळेपणा तो आपण होऊन पुसतो, अंधार उजळतो; खुषमस्कऱ्याचाच हा धर्म. म्हणून जाणता रसायनज्ञ त्याच्या या आपमतलबी दुरुस्त्या बंद करतो, बंद पेटींत एकाच दिव्याखालीं छायाचित्र घेतो व शेजारीं कोरें द्रावण ठेवतो. एवढें करूनही कोणतें चित्र ठेवावयाचें व कोणतें टाकावयाचें, हें शेवटीं माणूसच ठरवितो. तेथें आमचा जुना शेजारी पुन्हां कानाशीं लागूं शकतो.

एक फरक मात्र आम्हांस मोठा वाटतो. ठेवलेलें चित्र परक्या माणसास पुन्हां मोजतां येतें. आमच्या त्या दिवसाचा गुलाबी रंग तास संपण्यापूर्वींच मोरींतून वाहून गेला होता.