सेवा आणि सोबत

‘सेवा’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. उच्चारणाऱ्याला त्यासाठी काही द्यावे लागत नाही. जिला उद्देशून तो उच्चारला, तिने मात्र सर्वस्व द्यावे अशी अपेक्षा असते. परिचारिकेच्या वाट्याला हा शब्द फार येतो.

सरकारी मापाप्रमाणे सपाट मुलखात ५,००० वस्तीमागे आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे लागते. त्याचा कणा म्हणजे तिथली नर्सबाई. लस टोचायची, गरोदर बायकांची नोंद ठेवायची, जुलाबाने गळालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे ते आईला शिकवायचे, ही सारी तिची कामे. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर दूर असतो. पहिली हाक हिलाच ऐकू येते.

समजा, पाड्यावरचीच एखादी मुलगी आपल्या माणसांसाठी म्हणून हे शिक्षण घेते आणि दोन-तीन वर्षांत शहरातल्या इस्पितळात निघून जाते. आपण लगेच म्हणतो, ध्येय विसरली! पण तिच्या खोलीच्या दाराला कडी होती का? रात्री बाळंतपणाची हाक आली तर सोबतीला कोण होते? पगार वेळेवर होत होता का? हे सहसा कोणी विचारीत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नर्सबाई गेली म्हणून पाड्यावरच्या बाईचे दिवस भरायचे थांबत नाहीत. तिचा हक्क उरतोच. मात्र तो एका पोरीवरचा हक्क नव्हे. तो आपणा सर्वांवरचा आहे. नर्सबाई आपले देणे आपल्या वतीने फेडीत असते.

पुण्याचे सेवासदन १९०९ साली निघाले. नावातच सेवा होती. परंतु रमाबाई रानडे यांच्या त्या संस्थेने केवळ उपदेश केला नाही. परिचर्या शिकायला बायका ससून रुग्णालयात जाऊ लागल्या, त्या संस्थेच्या आधाराने. घराबाहेर पडणाऱ्या बाईला राहायला जागा लागते आणि पाठीशी माणसे लागतात, हे तिथे ओळखले होते.

मला वाटते, नीतीचा प्रश्न इथेच आहे. त्याग ही देणाऱ्याने आपखुशीने द्यायची वस्तू आहे. घेणाऱ्याने मागायची नव्हे. मागायचेच असेल तर आधी दाराला कडी लावावी, रात्रीची सोबत द्यावी, महिन्याचा पगार महिन्याला द्यावा. एवढे केल्यावर ‘बाई, राहा’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला येतो. त्याआधी नव्हे.